कौलावरचं धुराडं स्वतः पुन्हा कसं बांधावं

इंदुरातल्या जुन्या मराठी घरांवर, रामबाग-नारायणबागेच्या बाजूला, अजून कुठे कुठे कौलांतून वर आलेलं विटांचं धुराडं दिसतं. त्याच्या खाली चूल तरी असते, नाहीतर न्हाणीघरातलं चुलाणं. गॅस आणि गिझर आल्यावर बहुतेकांनी खालचं तोंड पत्रा ठोकून बंद केलं, आणि वर काय चाललंय ते बघायला कोणी चढलं नाही. आमच्याकडेही तसंच झालं. मग एका पावसाळ्यात वरची अर्धी वीट सुटली आणि कौल फोडून माजघरात येऊन पडली. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं, हे नशीब.

ते धुराडं मी, माझे काका आणि शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे मिस्त्री यांनी मिळून एका हिवाळ्यात पुन्हा बांधलं. मिस्त्री रोज संध्याकाळी येऊन बघून जायचे, हाताने काम आम्हीच केलं. ज्यांनी आजवर थापी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मात्र हे फक्त कौलांच्या वरच्या भागापुरतं आहे, चारेक फुटांचं काम. कौलांच्या खालचा भाग घराच्या भिंतींशी बांधलेला असतो आणि त्यावर तुळया टेकलेल्या असू शकतात. तो खराब असेल तर थांबा आणि इंजिनिअरला बोलवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मसाला, म्हणजे विटांच्या सांध्यात भरायचं मिश्रण, विटेपेक्षा मऊ हवा. आमचं धुराडं पावसाने पडलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी त्याच्यावर कडक सिमेंटचा गिलावा चढवला गेला, त्याने ते पडलं. जुनी भट्टीची वीट पाणी पिते आणि उन्हात सोडते. सांध्यात चुना असेल तर ते पाणी सांध्यातून निघून जातं. सिमेंटने सांधे बंद केले की पाणी विटेत अडकतं, काजळीतले क्षार त्यात विरघळतात, आणि सुकताना विटेच्या कातडीमागे जमून ती ढकलून काढतात. लोणा लागलेली भिंत आपण सगळ्यांनी पाहिली आहे, धुराड्यात तेच जास्त वेगाने होतं. शिवाय धुराडं रोज तापतं आणि निवतं. चुना त्याबरोबर थोडा हलतो, सिमेंट हलत नाही, तडकतं.

आधी खालून वर बघा

चढण्याआधी आठवडाभर जमिनीवरूनच बघा. धुराडं एका बाजूला कललंय का? समोरच्या घराच्या उभ्या कडेशी ताडून पाहिलं की कळतं. कल वरच्या दोन-तीन फुटांतच असेल तर काम आपल्या आवाक्यातलं आहे. कल पायथ्यापासून असेल तर नाही.

माळव्यात हा प्रश्न जरा जास्तच विचारावा लागतो. आपल्या पायाखाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. बाहेरच्या भिंतीला लागून बांधलेल्या धुराड्याचा पाया अनेकदा घराच्या पायापेक्षा उथळ असतो, त्यामुळे घर जागेवर राहतं आणि धुराडं दरवर्षी केसभर दूर सरकतं. दोघांच्यामध्ये उभी फट दिसत असेल तर जुनी युक्ती करा. फटीवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहा. काच तडकली म्हणजे हालचाल चालू आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काच शाबूत राहिली तर फट जुनी आहे, निजलेली आहे. हे वर्ष वाया गेलं असं वाटतं, पण हलत्या पायावर नवीन माथा बांधण्यात काही अर्थ नाही.

घराच्या आत, माळ्यावर जाऊन, टॉर्च मारून बघा. कोणताही वासा किंवा तुळई धुराड्याच्या भिंतीला टेकलेली नसावी, किमान २ इंच अंतर हवं. वर्षानुवर्षं तापून कोरडं झालेलं लाकूड अचानक पेट घेतं. ते अंतर मसाल्याने भरून टाकण्याचा मोह होतो, तो टाळा. खालून पत्र्याची पट्टी लावून फट झाका, बस.

नळीला, म्हणजे धूर वर जाणाऱ्या आतल्या पोकळीला, किंवा माथ्याला जुने सिमेंटचे पत्रे, पाइप असतील तर ते फोडू, कापू, घासू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

कधी सुरू करायचं

चुना पितृपक्षात भिजवा, काम दसऱ्यानंतर काढा. तोवर पाऊस गेलेला असतो, ऊन कोवळं असतं आणि चुन्याला सावकाश सुकायला वेळ मिळतो. एप्रिल-मेच्या उन्हात चुना सुकतो पण धरत नाही, बोटाने पूड निघते. दिवाळीच्या पहाटे त्याच चुलाण्यावर अभ्यंगाचं पाणी तापवायचं असं मीही ठरवलं होतं. ते जमत नाही. काम संपल्यावर महिनाभर जाळ लावायचा नसतो. संक्रांत धरून चाला.

चुना

चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की कळीचा चुना होतो. त्यात पाणी पडलं की तो उकळतो, फुलतो आणि मऊ लोणी बनतो. सांध्यात भरल्यावर तेच लोणी हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतं आणि महिन्या-वर्षांनी पुन्हा दगड होतं. म्हणूनच त्याला घाई चालत नाही.

चार फूट उंच, बाहेरून २७ इंच चौरस आणि आत ९ इंच चौरस नळी, एवढ्या धुराड्याला ३० किलो कळीचा चुना पुरतो. लोखंडी पिंप घ्या, प्लास्टिकचं वितळेल. पिंपात आधी पाणी आणि मग थोडा थोडा चुना, हा क्रम कधीही उलटा करू नका. चुन्यावर पाणी ओतलं तर उकळता चिखल तोंडावर उडतो. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा कपडा, आणि मुलं अंगणात नकोत. डोळ्यात गेलाच तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

चुना विरला की लांब काठीने ढवळा, चाळणीतून गाळा आणि वर चार बोटं पाणी ठेवून झाकून द्या. पंधरा दिवस तरी, महिना झाला तर उत्तम. कळीचा चुना मिळालाच नाही तर पुडीतला भिजवलेला चुना चालेल, तोही रात्रभर पाण्यात ठेवून. पण पूड ताजी हवी. चिमूटभर पुडीवर व्हिनेगर टाका. खूप फसफसलं तर ती दुकानातच हवा खाऊन मेली आहे.

मसाल्याचं प्रमाण: १ भाग चुन्याचं लोणी, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची बारीक पूड. तिच्यामुळे चुना ओलसर जागीही धरतो, नुसत्या चुन्याला ते जमत नाही. सिमेंट लागलेल्या मलब्याची सुरखी घेऊ नका. इंदुरात नर्मदेची वाळू मिळते, ती चाळून घ्या. मुठीत दाबून हात उघडल्यावर तळहात मळला तर तिच्यात माती आहे, धुवून वापरा. जुने कारागीर मसाल्यात गूळपाणी, बेलफळाचा गर, मेथीचं पाणी घालत. आमच्या मिस्त्रींनी गूळपाणी थोडं घालायला लावलं. त्याने मसाला थापीवरून चांगला सरकतो, एवढं मी स्वतः अनुभवलं. नवख्याने त्यात अडकू नये. मसाला भरपूर मळणं हे जास्त महत्त्वाचं. पूर्वी चुन्याच्या घाण्यात बैलांनी फिरवायचा तो चुना आपण फावड्याने अर्धा तास मळायचा आणि मध्येच पाणी वाढवायचं नाही. मळत राहिलं की तो आपोआप सैल होतो.

उतरवणं

बांधण्यापेक्षा उतरवणं जास्त धोक्याचं आहे. आमच्या मापाच्या चार फूट धुराड्याचं वजन जवळपास टनभर भरतं. ते सगळं कौलांच्या वर, उतारावर, हातांनी हलवायचं आहे.

परांची भाड्याने घ्या आणि बांधणाऱ्याकडूनच बांधून घ्या. इथले मिस्त्री तिला पाड म्हणतात. धुराड्याच्या चारही बाजूंना उभं राहता आलं पाहिजे आणि कमरेच्या उंचीला आडवा बांबू हवा. कौलांवर थेट पाय ठेवायचा नाही. आढ्याला आकडा अडकवलेली शिडी टाका आणि तिच्यावरूनच जा. आजूबाजूची कौलं काढून बाजूला रचून ठेवा. मिस्त्रींशी बोलताना त्यांना कवेलू म्हणा, पटकन समजतं. विजेची तार धुराड्याजवळून जात असेल तर तेवढे दिवस ती काढून किंवा बंद करून घ्या. सोबत नेहमी दुसरा माणूस हवा. दव पडलेल्या सकाळी दहाच्या आधी वर चढायचं नाही.

पहिलं काम म्हणजे खालचं तोंड ओल्या गोणपाटाने बंद करणं. दुसरं, एका पोत्यात गवत भरून त्याला मजबूत दोरी बांधा आणि ते नळीत, जिथवर उतरवायचं त्याच्या दोन फूट खाली, घट्ट बसवा. दोरीचं टोक वर बांधून ठेवा. हा बोळा शेवटपर्यंत कामाला येतो. नाकाला साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा. काजळीने धुराडी साफ करणाऱ्यांना कर्करोग होतो हे पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७७५ मध्येच लिहून ठेवलं होतं.

आता एक एक थर उतरवा. प्रत्येक थर काढण्यापूर्वी वरून फोटो घ्या आणि वहीत त्याला नंबर द्या. विटा कशा आडव्या-उभ्या बसवल्यात, कोपऱ्याजवळ पाव तुकडा कुठे घातलाय, हे सगळं त्या फोटोंत राहतं. जुन्या गवंड्याने जोड कसा तोडला ते परत शोधून काढायला मला दोन दिवस लागले असते, फोटोंमुळे लागले नाहीत. चुन्यातली वीट हाताने हलवली की सुटते. सिमेंटमधली सुटत नाही, तिथे छिन्नी बारीक घ्या आणि घाव सांध्यात घाला, विटेवर नको. विटा बादलीत घालून कप्पीने खाली सोडा. कौलांवर ढीग करू नका आणि नळीत एकही टाकू नका.

थांबायचं कुठे? सांध्यात स्क्रूड्रायव्हर दाबला आणि तो नखभरही आत जात नाही, वीट ठोकल्यावर भरीव आवाज येतो, आणि ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडल्यावर कड सरळ आहे, असे सलग दोन थर लागले की थांबा. आमच्याकडे हे कौलांच्या एक वीत वर लागलं.

मलबा रस्त्याकडेला टाकू नका. नगर निगमकडून मलब्याची गाडी मागवा.

विटा

उतरवलेल्या विटांपैकी निम्म्याहून जास्त पुन्हा वापरता येतात. चुना तासून काढा आणि सावलीत रचा. काजळीची बाजू पुन्हा आतच जायला हवी, नाहीतर बाहेरच्या गिलाव्यातून काळे-पिवळे डाग वर येतात.

कमी पडतील तेवढ्या नवीन घ्या. अशा धुराड्याला एका थरात सोळा विटा बसतात, चार फुटांचे चौदा थर होतात. माथ्याचं काम आणि तूटफूट धरून २६०. भट्टीवर जाऊन निवडा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत, नखाने ओरखडा उठता कामा नये, कमरेच्या उंचीवरून मातीत टाकली तर फुटू नये. एक वीट कोरडी तोला, रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर ती वीट धुराड्याला नको.

भिंत वीटभर, म्हणजे ९ इंच जाडीची ठेवा. अर्ध्या विटेची भिंत स्वस्त पडते, पण लाकडाचा जाळ रोज होणार असेल तर ती पुरेशी नाही.

उंचीचा हिशोब आत्ताच करा. धुराडं कौलांतून जिथे बाहेर येतं तिथून किमान ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल, आढं, शेजारची गच्ची, पाण्याची टाकी, त्याहून २ फूट वर. नाहीतर वारा उंच भिंतीवर आपटून खाली येतो आणि धूर उलटा घरात ढकलतो. शेजाऱ्यांनी दोन मजले चढवले असतील तर किती उंच जाता येईल यालाही मर्यादा आहे. सुट्या उभ्या धुराड्याची उंची रुंदीच्या साडेचार पटीपेक्षा जास्त नको, म्हणजे २७ इंचांना साधारण १० फूट. तेवढ्यानेही भागत नसेल तर चूल बंद ठेवणंच बरं. आणि धूर शेजाऱ्यांच्या खिडकीत जाणार असेल तर काम सुरू करण्यापूर्वी त्यांच्याकडे जाऊन बोला.

बांधणं

विटा आदल्या संध्याकाळी पाण्यात टाका आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि सांधा जळतो. थांबलेल्या थरावरची धूळ ब्रशने झाडा, भिजवा.

पहिला थर मसाल्याशिवाय, सुटा मांडून बघा. फोटो समोर ठेवा. नियम एकच आहे: वरच्या थराचा उभा सांधा खालच्या उभ्या सांध्यावर येता कामा नये, किमान पाव विटेने सरकलेला हवा. मग मसाला अर्ध्या इंचापेक्षा थोडा कमी पसरा, विटेच्या टोकालाही लावा, वीट ठेवून थापीच्या मुठीने दोनदा ठोका आणि सोडून द्या. बसलेली वीट पुन्हा हलवली की तिची पकड गेली. ती उचला, मसाला काढा, नव्याने लावा. उभे सांधे आतपर्यंत भरलेले हवेत. वरून छान दिसणारा पण आत पोकळ सांधा म्हणजे धुराला वाट, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास.

प्रत्येक थराला पाणसळ लावून सपाटी, प्रत्येक तिसऱ्या थराला चारही कोपऱ्यांवर ओळंबा, आणि कोपरा ते कोपरा दोन्ही तिरपी मापं सारखी. एका थरात दोराभर चुकलं तर दिसत नाही, चौदाव्या थरावर रस्त्यावरून दिसतं.

दिवसाला पाच थरांहून जास्त नको. खालचा ओला चुना वरच्या वजनाने दबतो आणि सगळं काम हळूच कलतं. माझा दुसऱ्या दिवशी हात बसला होता, थांबवत नव्हतं. मी सात थर केले आणि सकाळी ओळंबा अर्धा इंच बाहेर गेलेला. मिस्त्री काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. तीन थर उतरवले.

दर पाच थरांनंतर नळीला आतून गिलावा करा, नंतर हात पोचणार नाही. यासाठी १ भाग चुना, ३ वाळू, १ ताजं चाळलेलं शेण. शेणातल्या तंतूंमुळे हा गिलावा तापून निवताना तडकत नाही. इंग्लंडमधल्या जुन्या धुराड्यांतही चुना आणि शेण हेच लावत. थर अर्ध्या इंचाचा, कोपरे गोलसर. झालं की गवताचा बोळा दोरीने थोडा वर ओढा. पडलेला मसाला त्याच्यावरच जमा होतो, तो काढून टाका.

रोज संध्याकाळी काम ओल्या गोणपाटाने झाका. संपल्यावर दहा-बारा दिवस गोणपाट ओलं ठेवायचं आहे. हे काम काकांनी केलं, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता.

कौल आणि भिंत यांचा सांधा

घरात पाणी येतं ते इथून. लोक इथे सिमेंटची जाड वळकटी फिरवतात, पहिल्या उन्हाळ्यात ती तडकते. त्याऐवजी गॅल्व्हनाइज्ड पत्रा घ्या आणि डांबराचा हात द्या. अ‍ॅल्युमिनियम नको, ओला चुना ते खातो. कौलांच्या सहा इंच वरच्या सांध्यात इंचभर खोल खाच सोडा. पत्र्याची वरची कड वाकवून त्या खाचेत घाला, लाकडी पाचर मारा आणि चुन्याने सांधा भरा. खालची कड उताराच्या वरच्या बाजूला कौलांच्या खाली जाते आणि खालच्या बाजूला कौलांच्या वर येते. पाणी कोणत्या वाटेने उतरेल ते डोळ्यांसमोर आणा म्हणजे चूक होत नाही. वरच्या बाजूला पत्र्याची छोटी, दोन उतारांची पाखी करा, म्हणजे पाणी मध्ये न साचता दोन्हीकडे वाटलं जाईल.

माथा

शेवटून दुसरा आणि तिसरा थर एक एक इंच बाहेर काढा. त्यावर नळीभोवती दीड इंच जाडीची कोटा फरशी, बाहेर उतार देऊन, कड दोन इंच पुढे. फरशीच्या खालच्या अंगाला कडेपासून इंचभर आत खाच मारून घ्या, त्यामुळे पाणी तिथेच टपकतं, भिंतीवरून वाहत नाही. मग चार कोपऱ्यांत विटांचे छोटे पाय आणि त्यांच्यावर एक अखंड फरशी. मोकळी जागा सहा ते नऊ इंच ठेवा. चारही बाजूंना पाऊण इंची जाळी लावा, नाहीतर पारवे आणि साळुंक्या पहिल्याच वसंतात घर करतील. त्याहून बारीक जाळी काजळीने बुजते.

पहिला जाळ

महिना झाल्यावर बोळा दोरीने वर ओढून काढा. खालचं गोणपाटही काढा. चुलाण्यात ओलसर गवत आणि थोडा लोबान टाकून धूर करा, मग वरच्या तोंडावर दोन मिनिटं ओलं पोतं ठेवा. एकाने माळ्यावर टॉर्च घेऊन बसावं, एकाने बाहेर उभं राहावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सांध्यातून धुराची रेघ दिसली तर तिथे खूण करा, सांधा इंचभर खरवडून पुन्हा भरा. आमच्याकडे बाहेर, कौलांच्या जरा वर एका ठिकाणी निघाली, जुन्या आणि नव्या कामाच्या जोडावर.

पहिले तीन दिवस नुसत्या काटक्या, अर्धा तास. पुढच्या आठवड्यात एखादं लाकूड, चांगलं वाळलेलं. ओल्या लाकडाचा धूर नळीत थंड होऊन डांबरासारखा चिकटतो आणि तोच थर पुढे पेट घेतो. दरवर्षी मृगाच्या आधी नळी झाडायची आणि जाळी बघायची. आम्ही संक्रांतीच्या सकाळी पहिला पूर्ण जाळ केला, बंब नव्हे, साधं पितळी घंगाळ ठेवून. काका अंगणात उभे राहून माथ्याकडे बघत होते. धूर सरळ वर जात होता.